डाव्या हातातला ग्लास

आमचे हे रागावले की ओरडत नसत, बोलणं बंद करत. ओरडणारा नवरा मला चालला असता, कारण ओरडण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पण अबोला धरून बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? एरवी ह्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डाला पुरेल एवढा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या लाकूड डेपोत बाबू होते. ओंडक्याची लांबी आणि गोलाई हे मोठ्यानं पुकारायचे आणि दुसरा लिहून घ्यायचा, असं काम. रिटायर झाल्यावर तोच आवाज आमच्या बुद्धविहारात लागला. दर रविवारी वंदना हे सांगत आणि बाकी सगळे मागून म्हणत.

अबोल्याचे मात्र नियम ठरलेले होते. हातात स्टीलचा ग्लास घ्यायचा आणि तो खुर्चीच्या हातावर वाजवायचा. एकदा वाजला म्हणजे चहा, दोनदा म्हणजे जेवण, तीनदा म्हणजे चष्मा सापडत नाही. मी तोंडानं बोलायचे, हे ग्लासानं, आणि घर बिनबोभाट चालायचं. आमची मुलगी लहान असताना शेजारीपाजारी सांगत सुटायची, "आज बाबा ग्लासावर हायत." तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली, पण ग्लास घरातच राहिला.

मी स्वतः नर्स. नोकरीची पहिली बरीच वर्षं बैहरकडच्या डोंगरी गावांत काढली, शेवटची किरनापूरला. गावातल्या आशा कार्यकर्त्यांना मी लकव्याची लक्षणं शिकवायचे. तोंड एका बाजूला वाकलं, एक हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बंद झालं, तर देवऋषी पाहायचा नाही, मालिश पाहायची नाही, गाडी पाहायची. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवलं तरी सांगेन. शिकवताना कुणाचं लक्ष नसलं तर मी खडू फेकून मारायचे.

आणि तरी माझ्या स्वतःच्या घरात मी एक तास घालवला. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नव्हती.

झालं असं की आदल्या दिवशी आम्ही वारासिवनीला एका लग्नाला गेलो होतो. ह्यांना बीपी आहे. पंधरा दिवसांपासून गोळी बंद केलेली, कारण काय, तर "आता नॉर्मल येते ना." मला ते त्याच सकाळी कळलं होतं आणि माझं डोकं तापलेलंच होतं. त्यात पंगतीत ह्यांनी तिसरा पापड घेतला. मी शेजारच्या ताटावरून हात लांबवला आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर तो पापड उचलला. वर मी म्हणाले, "गोळी खाची नाही अन् पापड खाचे तीन तीन." पंगत हसली. हे हसले नाहीत. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी जागा रिकामी असून हे पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागं बसले. अबोला सुरू झाला हे मला तिथंच समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरून आले. सात वाजता मी ह्यांना अंगणातल्या जाईला पाणी घालताना पाहिलं, दोन्ही हातांनी बादली उचलून. मी बोलले नाही, हेही बोलले नाहीत. पुढच्या खोलीत खुर्चीजवळ चहाचा ग्लास ठेवला, गोळी शेजारी ठेवली आणि मी मागं परसात तांदूळ निवडायला बसले. चिन्नोरचा तांदूळ होता, बारीक आणि वासाचा. तो निवडताना मला कुणी मधे बोललेलं आवडत नाही.

थोड्या वेळानं ग्लास वाजला. मला वाटलं, दुसरा चहा हवाय. मी मुद्दाम उठले नाही. पुन्हा वाजला. मग दोनदा, मग चारदा, मग नुसताच वाजत राहिला, ना ताल ना नियम. मी परसातूनच ओरडले, "तोंड हाय ना तुमाले? तोंडानं सांगा!" ग्लास थांबला, आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला. मला वाटलं, आता जिद्दीला पेटलेत. म्हटलं, पेटू दे, मीही काही कमी नाही. सूप अर्धं निवडून होईपर्यंत मी जागची हलले नाही.

आठ वाजत आले तेव्हा मी भांडायच्या तयारीनं आत गेले. काय बोलायचं ते जाता जाता ठरवलंसुद्धा होतं. दारात पाय ठेवला आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की ग्लास ह्यांच्या डाव्या हातात होता.

हे उजव्या हाताचे. पस्तीस वर्षांत ह्यांनी डाव्या हातानं ग्लास वाजवला नव्हता. मग बाकीचं दिसलं. उजवा हात मांडीवर पडलेला, चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलेला. डोळे माझ्याकडे लागलेले. भांडणाचे शब्द माझ्या तोंडात तसेच राहिले आणि माझ्यातली नर्स जागी झाली, एक तास उशिरा.

"हसून दाखवा," मी म्हणाले. डावीकडचं तोंड हसलं, उजवीकडचं तसंच राहिलं. "दोन्ही हात समोर धरा." डावा वर आला, उजवा जरा उचलला गेला आणि खाली आला. "मी कोण हाय, सांगा." ह्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसता घोगरा आवाज आला. साखर कमी झाली तरी माणूस असाच दिसतो, म्हणून कपाटातलं मशीन काढून बोट टोचलं. साखर ठीक होती. बीपी पाहिलं, भरपूर वाढलेलं होतं, पण अशा वेळी घाईघाईनं गोळी देऊन ते पाडायचं नसतं, म्हणून शेजारी पडलेली गोळी मी उचलून ठेवली. तपासणीचा क्रम मात्र चुकला नाही.

माझा आवाज ऐकून शेजारीण आली. बाई मायाळू. येतानाच तांब्याभर पाणी आणि मोहरीचं तेल घेऊन आली.

"ताई, हे वारं होय," ती म्हणाली. "पयले मालिश करू. तिकडे लांजीच्या रस्त्यावर एक जण जडीबुटी देते, दोन दिवसांत माणूस चालाले लागते."

तिनं तांब्या ह्यांच्या तोंडाला लावायला नेला आणि मी तो हातातून हिसकला. "पाणी देऊ नका! गिळता नाही आलं तं फुफ्फुसात जाईन. तुमच्या घरच्यायले गाडी काढाले सांगा, आत्ताच्या आत्ता." बिचारी घाबरून पळाली. तिच्या नवऱ्यानं चप्पल न घालता गाडी काढली, ते उपकार मी विसरणार नाही.

आम्ही गोंदियाला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे नीट कधी पाहिले?" मी म्हणाले, "सात वाजता. बादली उचलताना." डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याची जागा असते तिथं, गुठळी अडकली होती. ठरावीक तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वेळेत आणलंत, तुम्ही ओळखलंत म्हणून." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी नम्र आहे.

पाय लवकर परत आला. चार दिवसांत आधारानं उभे राहिले, महिन्याभरात काठी घेऊन विहारापर्यंत जायला लागले. हातही हळूहळू येत होता. बोलणं मात्र येईना. ऐकलेलं सगळं कळायचं, चेहऱ्यावर दिसायचं. पण सांगायचं झालं की तोंडाशी येऊन अडायचं. पाणी हवं असलं तरी "ते... ते..." एवढंच, आणि मग डोळ्यांत पाणी. मला तर एकच धास्ती लागली होती. हे परत बोलले नाहीत, तर ती सकाळ ह्यांनी कशी काढली हे मला कधीच कळणार नव्हतं. रागानं ग्लास वाजवत होते की आणखी कशानं? मला ते ऐकायचं होतं आणि ऐकायची भीतीही होती.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. वाचेचे व्यायाम गोंदियाच्या डॉक्टरांनी लिहून दिले होते, ते करून घ्यायचं कामही तिच्याकडेच होतं. आमची बोली मराठी, पण ती बोलायची हिंदीत. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून तिनं ह्यांना विचारलं, "दादाजी, इनका नाम क्या है?" तिनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी म्हणाले, "बेटा, हे लिहू नोको. माह्यं नाव तं यायनं चांगले होते तवाही कधी घेतलं नाही." ती हसली, पण खोडलं नाही. मला तिचा तेव्हाच राग आला होता. नंतर ती मला आवडायला लागली, कारण तिनं मला पकडलं.

पकडलं ते असं. व्यायाम चालू असताना ह्यांनी डाव्या हातानं ग्लास एकदा वाजवला आणि मी सवयीनं चहा टाकायला उठले. मग दोनदा वाजला, मी ताट वाढलं. तीनदा वाजला, मी चष्मा आणून दिला. ती मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "दादीजी, इनको बोलने की ज़रूरत ही क्या है?"

मला आधी राग आला आणि मग लख्ख कळलं. दुसऱ्या कुठल्या घरात माणूस बोलेनासा झाला असता तर दोन दिवसांत सगळं अडलं असतं आणि त्याला बोलायची धडपड करावीच लागली असती. आमचं काहीच अडत नव्हतं. बिनबोलता संसार करण्यात आम्ही दोघं पटाईत झालो होतो, आणि मी तर ह्यांची भुवई हलली तरी काय हवं ते ओळखायचे. माझ्या हुशारीनंच ह्यांची जीभ बसून राहिली होती. मी ग्लास उचलला आणि तांदळाच्या कोठीत, तांदळाच्या आत, पुरून ठेवला.

त्या दिवसापासून घरात तमाशा सुरू झाला. फिजिओथेरपीवाल्या मुलीचा नियम असा, की काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही, ह्यांचं वाक्य पुरं करायचं नाही. माझ्यासारख्या बाईला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. मी सातपर्यंत पोचले की माझ्याच तोंडातून शब्द निसटायचा. "च..." हे म्हणायचे आणि मी म्हणायचे, "चहा ना?" मुलगी कपाळावर हात मारायची. शेवटी हे बोलताना मी पदराचं टोक दातात धरून बसायला लागले. भेटायला येणारे मला विचारायचे, "ताई, दात दुखते का?" भेटायला येणारेही काही कमी नव्हते. हे "मी..." म्हणाले की चौघं चार बाजूंनी वाक्य पुरं करायचे. मी त्यांनाही दटावून ठेवलं, "इथं यायचं तं पदर दातात धरूनच या."

मग आला तो रविवार. विहारात हे पुढच्या सतरंजीवर बसले होते, वंदना दुसरं कुणी सांगत होतं. दुसऱ्याच ओळीला मला ओळखीचा आवाज आला. हे म्हणत होते. अडखळत नाही, घोगरं नाही, डेपोत ओंडके पुकारायचे त्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. लोक रडायला लागले. मीही रडले. घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोर पोळीची टोपली धरली आणि म्हणाले, "आता सांगा, किती देऊ?" आणि हे म्हणाले, "ते... ते..."

माझं टाळकंच सरकलं. "येवढी वंदना म्हणता येते, अन् दोन पोळ्या मांगता येत नाही? का अजून पापडाचा राग हाय?" मी टोपली आपटली. ह्यांचा चेहरा असा झाला की मला स्वतःचीच लाज वाटली, पण तोंडातून निघालं ते निघालं.

फिजिओथेरपीवाली मुलगी आली तेव्हा मी तक्रार केली की हे नाटक करतात. तिनं समजावलं. जन्मभर पाठ असलेलं, एका सुरात म्हटलेलं, गिनती, शिव्या, हे सगळं मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. नवं वाक्य जुळवायची वाट निराळी, आणि ती गुठळीनं बंद पाडली आहे. "नाटक नहीं है, दादीजी. उल्टा अच्छी बात है. जो रास्ता खुला है, उसी से काम लेंगे." शिव्यांचं मला लगेच पटलं, कारण आदल्याच दिवशी अंगणात शिरलेल्या कुत्र्याला ह्यांनी जी शिवी दिली होती ती अगदी स्पष्ट होती.

मी नर्स असून मला हे माहीत नव्हतं. आम्हाला माणूस दवाखान्यात पोचवायचं शिकवलं होतं, परत आणायचं काम पुढच्यांचं. त्या दिवशी मी टोपली आपटल्याबद्दल ह्यांची माफी मागितली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. हे डाव्या तोंडानं हसले, आणि आता उजवं तोंडही थोडं सामील व्हायला लागलं होतं.

मग आम्ही उघड्या वाटेनं निघालो. पोळ्या हव्या असल्या की हे एकपासून मोजायचे आणि हव्या त्या आकड्यावर थांबायचे. आधी वंदनेच्या सुरात मी म्हणायचे, "मले पाणी द्या," हे माझ्या मागून त्याच सुरात म्हणायचे. विहारात सगळे ह्यांच्या मागून म्हणत, घरात हे माझ्या मागून. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, ह्या घरात पाण्याचीही पूजा होते. हळूहळू सूर गळला आणि शब्द राहिले. हातासाठी त्या फिजिओथेरपीवालीनं ताटात तांदूळ पसरून खडे निवडायला लावलं, उजव्या हातानं, दोन बोटांत धरून. तो माझाच अर्धा राहिलेला चिन्नोर होता. ह्यांना खडा उचलायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात मी अख्खी पायली निवडली असती, पण मी पदर दातात धरून शेजारी बसायचे.

पाऊस जाऊन थंडी आली. शेतांतले धान कापून झाले होते. एका दुपारी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो, मधे तांदळाचं ताट. हे दोन दोन, तीन तीन शब्द जोडायला लागले होते. "आज... थंडी... हाय." "चहा... गोड... कर." तेवढंही मला पुष्कळ होतं. तरी आत ती एक गोष्ट राहिली होती, आणि मी विचारायचं ठरवलं, कारण आता न विचारणं म्हणजे माझाच अबोला झाला असता.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या सकाळी तुमी ग्लास वाजवून राह्यले होते. मी परसात होती. मले वाटलं, तुमी रुसले हा. म्हणून मी आली नाही. एक तास आली नाही. तुमाले लय राग आला असन ना माह्या?"

हे ताटाकडे बघत राहिले. मी पदर दातात धरला आणि मोजायला लागले. दहा झाले. वीस झाले. ह्यांचे ओठ हलत होते, जुळवत होते. चाळीस झाले तेव्हा मला वाटलं, राहू द्यावं, चहा टाकावा. पण मी बसून राहिले.

"राग..." हे म्हणाले, "नव्हता."

मी पदर सोडला नाही.

"मी... तुले... आवाज... देऊन राह्यलो होतो."

मला रडू फुटलं. पदर दातातून सुटला. एवढे महिने मी घाबरत होते की हे रागानं ग्लास आपटत होते, किंवा मी न आल्याचा राग मनात धरून बसलेत. आणि हे नुसती हाक मारत होते. जवळ जी वस्तू होती तिनं, चालत होता त्या हातानं. "अन् मी आली नाही," मी म्हणाले. "आली नाही मी."

ह्यांनी उजवा हात उचलला. तो अजून थरथरतो. ताटावरून सरकवत सरकवत माझ्या मनगटावर आणून ठेवला. दोन तांदूळ चिकटलेले होते बोटांना.

"आली... ना," हे म्हणाले. मग पुन्हा ओठ जुळवायला लागले. मी डोळे पुसून मोजायला लागले. तीस झाले असतील.

"पापडाचा... राग... हाय. अजून."

मी रडता रडता हसले, इतकी की शेजारीण कुंपणावरून डोकावली. मग मी उठून आत गेले, बीपीची दुपारची गोळी काढली, कोठीत हात घालून तांदळाच्या आतला ग्लास शोधून काढला आणि त्यात पाणी भरलं. चुलीवर एक पापड भाजला. मीठ फार असतं त्यात, म्हणून अर्धा मी खाल्ला आणि अर्धा ह्यांना दिला.